भातलावणीत खताचा विनियोग व स्त्रियांचे ज्ञान

पोलादपूर तालुक्यातील कापडे व भोवतालच्या गावांत उतारावर नाचणी-वरी व खाचरांत भात ही मुख्य पिके होत. येथील पुष्कळ कर्ते पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस असतात. त्यामुळे तरवा काढणे, लावणी व बेणणी ही कामे बहुतांशी स्त्रियांच्याच हातून होतात. खत कोणते, किती व कसे द्यावे याचा विचार मात्र पुरुषांच्या बैठकीत होतो. यामुळे खताचा पैसा कसा वाया जातो, हे चारसूत्री लागवडीवरून चांगले ध्यानात येते.

डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारिलेल्या या पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या अशी चार सूत्रे आहेत. पहिली दोन सोपी आहेत. खरी कसोटी पुढील दोहोंत. खुणा केलेल्या दोरीवर आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर अंतर ठेवून, चुडात दोन-तीनच रोपे लावावयाची. मग १५ सेंटिमीटर अंतरावरील चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी खोचावयाची. गुंठ्यास सुमारे ६३० गोळ्या, म्हणजे १.७ किलो खत लागते. उभ्या पाण्यात फोकलेल्या युरियाचा मोठा अंश हवेत उडून अथवा कोकणच्या मुसळधार पावसात वाहून जातो. चिखलात खोल दिलेली गोळी मुळांशी राहते.

गोळी खोचणारा हात बाईचा. खोली व अंतर यांचे कारण तिला कोणी सांगितले नसेल, तर ती गोळी वरच टाकून पुढे सरेल, आणि त्यात तिचा दोष नाही. शिवाय या कामास वेळ अधिक लागतो. मजुरी जुन्याच दराने देऊन काम नव्या रीतीने मागणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

सात-बाराचे उतारे लिहिण्यात आमची सारी नोकरी गेली. उताऱ्यावर नाव पुरुषाचे, म्हणून सोसायटीचे कर्ज त्याच्या नावे आणि शिबिराचे बोलावणेही बहुधा त्यालाच. पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय शासनाने सन १९९२ मध्ये केली. तथापि ती पतीच्या मर्जीवर अवलंबून आहे. स्त्रियांस पुरुषांइतकीच साधने मिळाल्यास त्यांच्या शेतांचे उत्पन्न शेकडा २० ते ३० ने वाढेल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने सन २०११ मध्ये प्रसिद्ध केला, तो विकसनशील देशांविषयी होता.

वाचकांनी निदान इतके करावे. मृगापूर्वी शिबिर भरेल तेव्हा, लावणीत ज्यांच्या पाठोपाठ इतर बायका चालतात अशा दोघींस पुढे बसवावे. दोरीवरील खुणा त्यांच्याच हातून घालवाव्यात. प्रथम एकाच खाचरात गोळ्या द्याव्यात व शेजारचे खाचर नेहमीच्या रीतीने ठेवून, झोडणीनंतर दोहोंचे धान्य त्यांच्यासमोर मोजावे.