वॉर्डाबाहेरचे चार आठवडे

बी. एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी घरी फोन करून सांगते, "पुढचा महिना कम्युनिटी पोस्टिंग आहे, एका संस्थेबरोबर." आईचा पहिला प्रश्न येतो, "म्हणजे हॉस्पिटल नाही?" दुसरा, "कुठल्या गावाला?" आणि मागून वडिलांचा आवाज, "एवढी फी काय गावोगाव फिरायला भरली का?" कराड, सांगली, मिरजेला शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी हे बोलणं होतं. प्रश्न काळजीपोटी येतात. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

आधी अभ्यासक्रम पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 पासूनच्या सुधारित अभ्यासक्रमात आठ सत्रं आहेत. सहाव्या सत्रात व्यवस्थापन आणि नेतृत्व हा स्वतंत्र विषय आहे. आठव्या सत्रात 22 आठवड्यांची इंटर्नशिप असते आणि त्यातले 4 आठवडे सामुदायिक आरोग्यासाठी राखलेले असतात. वर्गात शिकलेलं नेतृत्व इथे पहिल्यांदा माणसांसमोर तपासलं जातं.

आणि नेतृत्व कशासाठी, याचं उत्तर थेट नोकरीत आहे. आयुष्मान भारत योजनेत 2018 पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद आलं. बी. एस्सी. नर्सिंग झालेल्यांना ते खुलं आहे. गेल्या काही वर्षांतल्या जाहिरातींत दरमहा 25 हजार मानधन आणि कामावर आधारित 15 हजारांपर्यंत मोबदला, असा हिशेब असे. पद कंत्राटी आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावं. पण कामाचा आवाका बघा. सपाटीवर एका उपकेंद्राकडे सुमारे 5 हजार लोकसंख्या, पाटण-जावळीसारख्या डोंगरी भागात 3 हजार. हाताखाली एएनएम, आरोग्य सेवक आणि गावोगावच्या आशाताई.

खरी परीक्षा इथेच आहे. तेवीस वर्षांची मुलगी खुर्चीत बसते आणि समोर पंधरा वर्षं तेच गाव पायाखाली घातलेली आशाताई असते. कुठल्या घरात सून बाळंतपणाला माहेरी गेली, कोण शुगरची गोळी मधेच बंद करतं, हे तिला तोंडपाठ. तिला हुकूम सोडून चालत नाही, आणि तिच्यापुढे गप्प राहूनही चालत नाही. हे कौशल्य आयसीयूत शिकायला मिळत नाही. तिथे डॉक्टरांची ऑर्डर असते आणि सिस्टर ती पाळते. गावात ऑर्डर लिहून द्यायला कुणी नसतं.

सातारा-सांगलीच्या मुलांचं भाग्य असं की, असं नेतृत्व शिकावं अशी माणसं आणि संस्था त्यांच्या उंबऱ्याशी आहेत. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक 1997 मध्ये उभी राहिली. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा सांगतात त्याप्रमाणे, पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण बऱ्याच प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. बायका खचल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात गेल्या. व्याजाचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय तोंडी करून दाखवतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना ऐकवलं. आरोग्यशिक्षणाचा तक्ता घेऊन माणदेशात जाणाऱ्या विद्यार्थिनीला ही हकिगत आधी माहीत असावी. समोरच्या बाईला अक्षर येत नाही, म्हणून तिला समजत नाही असं नसतं.

सांगलीत 1992 मध्ये मीना शेषू यांनी 'संग्राम' सुरू केली. एचआयव्ही रोखण्याचं काम वेश्याव्यवसायातल्या महिलांनी स्वतःच्या हाती घेतलं. कंडोम वाटणारी, समजावणारी, दवाखान्यात सोबत जाणारी त्यांच्यातलीच. 1996 पासून 'व्हॅम्प' ही त्यांची स्वतःची संघटना आहे. अशा कामात विद्यार्थिनीला पुढे उभं राहायचं नसतं. ती सोबत चालते, विचारल्यावर बोलते आणि ऐकलेलं नाव बाहेर काढत नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करायला मनाई केलेली आहे. पोस्टिंगचे फोटो स्टेटसला टाकण्याची सवय असलेल्या पिढीला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी लागते.

साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भलिंगनिदानाविरुद्ध दिलेल्या लढ्याची दखल संयुक्त राष्ट्रांनी घेतली. 2025 चा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचं काम करते. पाचगणीत 1912 साली क्षयरोग्यांसाठी सुरू झालेलं बेल-एअर रुग्णालय पुढे रेडक्रॉसकडे आलं. शिकण्याच्या जागा काही कमी नाहीत.

कमी पडतो तो बोट धरणारा माणूस. विद्यार्थ्यांना संस्थेच्या दारात सोडून कॉलेजची गाडी परत फिरली, तर चार आठवडे बीपी मोजण्यात जातात. चांगला मार्गदर्शक काय करतो, ते एका उदाहरणाने पाहू. गळीत हंगामात सांगली-साताऱ्यात ऊसतोड कुटुंबं येतात, कोप्यांत राहतात, आणि गाव बदलल्यामुळे लहान मुलांच्या लसी राहून जातात. सहा विद्यार्थ्यांच्या गटाला काम दिलं : एका तळावरच्या मुलांच्या लसीकरणाची यादी करा आणि उपकेंद्राशी जोडून द्या. गट सकाळी दहाला पोहोचतो. तळ रिकामा! तोडणी पहाटेच सुरू झालेली असते. गटासोबत दिलेला ट्यूटर हे आदल्या दिवशी सांगू शकला असता. जाणता ट्यूटर सांगत नाही. कारण या चुकीत कुणाला इजा होत नाही, आणि मुकादमाशी बोलून संध्याकाळची वेळ ठरवायला मुलं स्वतः शिकतात. मात्र तापाने फणफणलेलं मूल दिसलं, तर तोच ट्यूटर क्षणभरही वाट पाहत नाही. कुठे थांबायचं आणि कुठे हात घालायचा, याची ही जाण म्हणजे मार्गदर्शन.

शिवाय ट्यूटरने गटाबरोबर आठवड्यातून एक तास निवांत बसायला हवं. आज मीटिंगमध्ये आशाताई गप्प का झाल्या? तू त्यांना मधेच तोडलंस का? या प्रश्नांना गुण नसतात, म्हणून घाईच्या कॉलेजांत ते विचारलेच जात नाहीत.

मुलीच्या सुरक्षिततेची पालकांची धास्ती रास्त आहे. तिला कुणी भित्रेपणा म्हणू नये. प्रवेशाच्या वेळी थेट विचारावं : पोस्टिंगला ने-आण कोण करतं? गृहभेटीला जोडीने पाठवतात का? संस्थेतली जबाबदार व्यक्ती कोण, आणि रात्री फोन कुणाला करायचा? ट्यूटर आठवड्यातून किती दिवस हजर असतात? उत्तरं गोलमोल आली, तर इमारत कितीही चकचकीत असो, पुढचं कॉलेज बघावं.

आणि जमलं तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी पाच मिनिटं बोलावं. तिच्या पोस्टिंगबद्दल विचारावं. तिने भेटींचे आकडे सांगितले तर ऐकून घ्यावं. एखाद्या सासूने लस देऊ द्यायला नकार दिला, मग तिसऱ्या फेरीला ती कशी तयार झाली, हे ती मुलगी सांगू लागली, तर फॉर्म तिथेच भरायला हरकत नाही.