अर्थिंगची वायर बदलल्याने पिकअप वाढतो का?

मालासाठी टेम्पो ठेवणाऱ्या व्यापारी बंधूंना जाड तांब्याच्या अर्थिंग वायरींचा संच 'पिकअप वाढेल' असे सांगून विकला जातो. हा दावा आपण हिशेबाने तपासू.

इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये जळणाऱ्या हवा व इंधनातून येते. पेट्रोल गाडीत ठिणगीचे काम ते पेटवण्याचे. नीट पेटल्यावर ठिणगी मोठी करून ताकद वाढत नाही. १६ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.००१ ओहम. सेल्फ मारताना १०० अँपिअर धरले तरी ०.१ व्होल्टच वाया जातो. चालू इंजिनाच्या इग्निशनला ५ अँपिअर धरले तर ०.००५ व्होल्ट. १४ व्होल्टपुढे एवढी बचत करून पदरात काय पडणार?

मात्र जुनी वायर गंजली किंवा नट ढिला झाला, तर सेल्फ जड फिरतो, दिवे मंदावतात, इंजिन अडखळते. तेव्हा नवी वायर उपयोगी पडते. पण ती गेलेली ताकद परत आणते, नवी देत नाही.

म्हणून आधी मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जोड घासून साफ करा. तरीही उतरला नाही तर वायर बदला.

ॲक्सेसरीज विकणाऱ्या बंधूंनीही वायर दुरुस्तीचा माल म्हणूनच विकावी. आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे, मिश्र सूत 'शुद्ध सुती' म्हणून एकदाच खपते. गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.