मरीन टँकमधील दगडांची रचना: आधी दगड, मग वाळू



खाऱ्या पाण्याचा फिश टँक, म्हणजे आपण ज्याला मरीन टँक म्हणतो, तो घरात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवायचा विचार असेल तर हा लेख मासे आणण्याच्या आधी वाचा. मासे, मीठ, दिवे यांची माहिती दुकानदार देतो. दगड कसे रचायचे हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक जण आधी तळाला छान पांढरी वाळू पसरतात आणि मग तिच्यावर दगड मांडतात. दिसायला ते सुंदरच दिसतं. पण त्या टँकमध्ये बीळ खणणारा प्राणी आला की दगडाखालची वाळू हळूहळू निघून जाते. मग एके दिवशी दगड कलंडतो. खाली कोळंबी असेल तर ती चिरडते आणि दगड काचेवर आदळला तर काच तडकते. ९० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि ४५ उंच टँकमध्ये काठोकाठ १६२ लिटर पाणी मावतं. ते पाणी जमिनीवर आलं आणि शेजारी विजेचा बोर्ड असला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मुलं जिथे वावरतात तिथे तर मुळीच धोका पत्करू नये.

आता हे खणणारे प्राणी कोण ते बघू. सगळ्यांत गमतीदार जोडी म्हणजे पिस्तूल कोळंबी आणि गोबी मासा. कोळंबीची नजर अधू असते, पण खणण्यात ती पटाईत. गोबीची नजर चांगली, पण त्याला असं बीळ खणता येत नाही. म्हणून दोघं एकाच बिळात राहतात. कोळंबी दिवसभर वाळू बाहेर लोटते आणि आपली लांब मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी हलवून इशारा देतो आणि दोघं आत पळतात. एका पिवळ्या गोबीचं बाजारातलं नावच ‘वॉचमन गोबी’ आहे! सहजीवन शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. ही कोळंबी नांगी जोरात मिटून ‘टक्’ असा आवाज काढते. तो ऐकून काच तडकली की काय असं वाटतं, तेव्हा घाबरू नका.

याशिवाय जॉफिश तोंडाने वाळू उचलून उभं बीळ करतो. काही गोबी घासघास वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे गाळतात. एंजिनिअर गोबी नावाचा पट्टेवाला, बामसारखा लांब मासा मोठा झाला की दगडांखाली बोगद्यांचं जाळंच करतो. समुद्री साळू खणत नाही, पण वरचे सुटे दगड ढकलत जातो. आणि यातलं काहीही नसलं तरी पाणी फिरवणाऱ्या पंपाचा झोत दगडाच्या पायथ्याची वाळू उडवतोच.

इथे विज्ञानाचा खरा भाग येतो. मुलांना एक प्रश्न विचारा: समुद्रकिनाऱ्यावर केलेला वाळूचा किल्ला उभा राहतो, मग भरतीचं पाणी आलं की का ढासळतो? ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो आणि पृष्ठताणामुळे तो कणांना धरून ठेवतो. वाळू पूर्ण बुडाली की कणांमधली हवा जाते आणि ती पकडही जाते. टँकमधली वाळू कायम बुडालेलीच असते. तिच्या बाजू उभ्या राहत नाहीत, साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर येऊनच थांबतात. म्हणजे कोळंबीने ५ सेंटीमीटर खोल खड्डा केला, तर त्याच्या कडेपासून सात-आठ सेंटीमीटर अंतरापर्यंतची वाळू घसरून येऊ शकते. बीळ दगडापासून चार बोटं लांब आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळे. मग त्यांचं स्वतःचं बीळ कसं टिकतं? ती शिंपल्यांचे तुकडे आणि खडे रचून तोंड बांधून काढतात. शिवाय पुष्कळदा दगडालाच छत करून त्याच्याखाली खणतात, म्हणजे नेमकं आपल्याला नको तिथे.

दुसरी गोष्ट प्लावक बलाची. चुनखडीचा ५ किलो वजनाचा कोरडा दगड समुद्राच्या पाण्यात साधारण ३.१ किलोइतकाच भरतो. वजन कमी म्हणजे खालच्या दगडावरचा दाब कमी आणि घर्षणही कमी. म्हणून बाहेर घट्ट वाटलेली रास पाण्यात सहज सरकते. उलट पाणी बदलताना पातळी खाली आली की वरचे दगड उघडे पडतात आणि पुन्हा जड होतात. खालची वाळू आधीच पोकळ झालेली असेल तर रास त्याच वेळी बसण्याची भीती असते. नेमका तेव्हाच आपला हात टँकमध्ये असतो.

हा भाग वर्गात जिवंत प्राण्याशिवायही दाखवता येतो. प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक डबे घ्या. एकात वाळू भरून वर दगड ठेवा, दुसऱ्यात दगड थेट तळावर ठेवून भोवती वाळू भरा. दोन्हींत पाणी ओता आणि मुलांना चमच्याने दगडाच्या कडेची वाळू काढायला सांगा. आधी अंदाज लिहून घ्या, मग कृती. दगड दोऱ्याने तानकाट्याला अडकवून पाण्याबाहेर आणि पाण्यात वजन घेतलं की आर्किमिडीजचं तत्त्वही त्याच तासाला होऊन जातं.

उपाय तसा सोपा आहे: दगडाचा भार वाळूवर पडू द्यायचाच नाही. सर्वांत मोठे, चपटे दगड रिकाम्या टँकच्या तळाशी ठेवा. काचेवर एकाच टोकाचा भार येऊ नये म्हणून खाली प्लॅस्टिकची चौकटीची जाळी घालता येते. प्रत्येक दगड किमान तीन ठिकाणी टेकला पाहिजे. आपली तीन दगडांची चूल उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, तेच तत्त्व. रास खाली रुंद आणि वर निमुळती ठेवा, म्हणजे गुरुत्वमध्य खाली राहतो. काचेपासून चार बोटं जागा सोडा. मग कोरड्यातच हाताने सगळीकडून ढकलून बघा. हलला दगड की पुन्हा मांडा, इथे आळस नको. कमानी किंवा उंच रचना हवी असेल तर दगडांना भोकं पाडून ॲक्रिलिकच्या कांड्या घाला आणि सांधे दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरा. लोखंडी सळई गंजते आणि तांबं तर कोळंबीसारख्या प्राण्यांना विषारी, म्हणून धातू टाळलेला बरा.

हे सगळं झाल्यावर वाळू घाला. वाळू एकाच जाडीची नको. बारीक वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि खडे मिसळा, म्हणजे प्राण्यांना बांधकामाचं साहित्य मिळतं. पिस्तूल कोळंबीला दोन-तीन इंच थर चालतो, जॉफिशला पाच-सहा इंच लागतो. दगड तळावर असले म्हणून प्राण्यांचं काही बिघडत नाही, ते खुशाल खणतात. दगड कुठून आणायचे? दुकानातले कृत्रिम दगड घ्या. समुद्रातून प्रवाळ तोडून आणण्याचा विचारही नको. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे, हे मुलांनाही सांगा.

टँक आधीच लावलेला असेल आणि दगड वाळूवर असतील तर? वरून दाबून दगड खाली रुतवू नका, कारण खाली कोण बसलंय ते दिसत नाही. आधी हीटर आणि पंप बंद करून प्लग काढा. टँकचंच पाणी बादलीत घ्या आणि वरून एकेक दगड उचलून त्यात ठेवा, कधीकधी कोळंबी भोकात बसून दगडाबरोबरच बाहेर येते. मग दगडाच्या जागेपुरती वाळू बाजूला करून तळ उघडा करा. वर्षानुवर्षं न हललेल्या खोल वाळूत काळे, कुजका वास येणारे थर असतात, त्यामुळे सगळी वाळू एकदम ढवळू नका. मोठा टँक असेल तर काम दोन-तीन रविवारांत वाटून घ्या. आणि हो, घर मोडल्यावर गोबी आणि जॉफिश बिथरून उडी मारतात. नवीन बीळ तयार होईपर्यंत टँकवरची जाळी रात्रीसुद्धा काढू नका.