बढती आणि त्याग

बढतीचा हुकूम हाती आला की घरात आधी पेढे येतात व मागाहून विचार. बदलीचे गाव दूर, मुलांची शाळा अर्ध्यावर, आई वृद्ध. मग 'नको ती बढती' असे वाटू लागते आणि त्या नकाराला आपण वैराग्याचे नाव देऊन मोकळे होतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने टाकणे हा तामस; देहाला क्लेश होतील या भयाने टाकणे हा राजस, व त्याला त्यागाचे फळ नाही. सात्त्विक त्यागात कर्म करावयाचेच असते. सुटते ती आसक्ती आणि फलाशा.

आता आईची सेवा हेही नियत कर्मच. (पगारपत्रकात ते दिसत नाही, इतकेच.) म्हणून स्वतःस एवढेच विचारावे: आई येथे नसती, तर मी गेलो असतो काय?

नकाराची किंमतही जाणून असावी. केंद्र सरकारच्या सेवेत बढती नाकारणाऱ्यास सामान्यतः एक वर्ष पुन्हा विचारीत नाहीत, आणि त्या अवधीत वर गेलेल्या कनिष्ठांपुढील ज्येष्ठताही जाते.

प्रस्तुत लेखकाने एकदा आईचे कारण सांगून बढती नाकारली. खरे भय होते ते हाताखालच्या माणसांची जबाबदारी घेण्याचे. आईने ते ओळखले. "माझ्या नावावर कशाला घालतोस?" एवढेच ती म्हणाली. वर्षाने पुन्हा विचारणा झाली, तेव्हा देवघरातील टाक फडक्यात बांधून तीच प्रथम तयार झाली.