नारळाच्या रसातला हलवा

रोश हाशानाच्या जेवणात मटण असते आणि जेवणावर हलवा असतो. बेने इस्राएल स्वयंपाकातली अडचण इथेच सुरू होते. मांस आणि दूध एकत्र खायचे नाही, ही तोराची आज्ञा. निर्गम 23:19, निर्गम 34:26 आणि अनुवाद 14:21 अशी ती तीनदा आलेली आहे. मग मटणावर गोड काय करावे? कोकणातल्या बायकांना लांब जावे लागले नाही. नारळ परसातच होता.

नारळ कोकणात सगळेच वापरतात. शेजारच्या घरी मात्र मटणाच्या दिवशीही खिरीत दूध चाले, आपल्याकडे चालत नसे. म्हणून मटणाचा रस्सा नारळाच्या रसात, आणि हलवाही नारळाच्या रसात. हाच प्रश्न उत्तर युरोपातल्या यहुदी बायकांपुढेही होता. तिथे ऑलिव्हचे तेल मिळत नसे, डुकराची चरबी निषिद्ध आणि लोणी मांसाबरोबर चालत नसे. त्यांनी बदकाच्या जातीच्या हंसाची आणि कोंबडीची चरबी कढवून ठेवली. आज्ञा एकच, भांड्यात पडले ते ज्या त्या देशाचे.

रोश हाशानाला आपले लोक ‘नव्याचा सण’ म्हणत, आणि त्याच तिश्री महिन्यात ‘खिरीचा सण’ही होत असे. हाईम शमुवेल केहीमकर यांच्या 1937 साली छापलेल्या इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत. खीर आज फार घरांत होत नाही. हलवा टिकून आहे.

जुन्या रीतीने हा चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून फडक्यातून पिळायचे. रात्रभर ठेवले की तळाशी पांढरा दाट थर बसतो, तो चीक. कुरडया करणाऱ्या घरांत हा शब्द अजून ऐकू येतो. नारळ खवला की जो कीस पडतो त्याला ‘चव’ म्हणतात. चव वाटून पिळली की रस निघतो आणि उरतो तो चोथा. मग चीक, रस आणि साखर मोठ्या पातेल्यात घालून तासन्‌तास ढवळणे. एकटीचे काम नव्हे ते. हात दुखला की दुसरीने उलथणे घ्यायचे.

शॉमबर्गमध्ये, नोकरीवरून संध्याकाळी घरी आल्यावर, चीक काढणे कठीण. कॉर्नफ्लोअर घ्यावे, मुंबईतही अनेक घरांत तेच घेतात. हवाई बेटांवर नारळाच्या रसाची ‘हाउपिया’ नावाची वडी करतात. तीही पूर्वी पिया नावाच्या कंदाच्या पिठाची होई, आता मक्याच्या पिठाची होते. पण सावध! भारतात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतात त्याला इथे कॉर्नस्टार्च म्हणतात. इथले कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे दळलेले पिवळसर पीठ. त्याचा हलवा होत नाही, पिठले होते.

400 मिलिलिटरचे नारळाच्या रसाचे दोन डबे, दोन कप पाणी, एक कप कॉर्नस्टार्च, सव्वा कप साखर, चिमूटभर मीठ. कॉर्नस्टार्च आधी त्या दोन कप गार पाण्यात कालवावे, मग बाकीचे मिसळावे. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आंचेवर सतत ढवळावे. हात थांबला की तळाला लागते. अर्ध्या-पाऊण तासाने गोळा कडा सोडू लागतो. गार बशीत थेंब टाकून पाहावा, बोटाला चिकटला नाही की झाला. वेलचीची पूड घालून ताटात थापावा, वर बदाम-पिस्त्याचे काप. ताटाला तेलाचा हात लावावा. तूप नको, तेही दुधाचेच.

खरी चूक पातेल्याजवळ होत नाही, दुकानात होते. डबाबंद रसापेक्षा नारळाच्या दुधाच्या पावडरीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असते, आणि ते गाईच्या दुधातून काढतात. पाकिटावर ‘नॉन-डेअरी’ लिहिलेले असले तरी केसिनेट असू शकते, म्हणून बारीक अक्षरे वाचावीत. वर्तुळातल्या ‘यू’ या कोशेर चिन्हाशेजारी ‘डी’ असेल तर ती वस्तू दुधाची. सोपे व्हावे म्हणून कोणी कंडेन्स्ड मिल्कचा हलवा करतात. चवीला चांगला लागतो. पण मटण जेवलेल्या आजी तो खाणार नाहीत, आणि सणाच्या दिवशी आजीची बशी तशीच राहील.

शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर एका भागाला गांधी मार्ग आणि दुसऱ्या भागाला गोल्डा मेयर यांचे नाव दिलेले आहे. 1974 साली पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान याच रस्त्यावर निघाले. खवलेला गोठवलेला नारळ भारतीय दुकानांत मिळतो. तो कोमट पाण्यात वाटून पिळला तर पाकिटावरची अक्षरे वाचण्याचे काम पुष्कळ कमी होते, आणि चव व चोथा हे दोन शब्दही हाताला कळतात.

घरचा अभ्यास : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या आईच्या घरी हलवा चिकाचा होता की कॉर्नफ्लोअरचा, रंग गुलाबी होता की पांढरा, आणि ढवळायला कोण कोण बसत असे. उत्तर पाच ओळींत मराठीत लिहून आणा. ‘चीक’, ‘चव’ आणि ‘चोथा’ हे तिन्ही शब्द त्यात आले पाहिजेत.