सेवा करणाऱ्यांचे मन करपते तेव्हा

पावसाने ताण दिला म्हणजे उभे पीक करपते. माणसाचे मनही तसेच करपते, आणि दुसऱ्यांची दुखणी रोज अंगावर घेणाऱ्यांचे आधी करपते. आपल्या घरच्या कितीतरी मुली नर्स आहेत, सुना आशा किंवा अंगणवाडी सेविका आहेत. म्हणून यावेळी हा विषय घेतला आहे.

हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ. दिवसा स्वतःचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी ते मोफत दवाखान्यात काम करीत. तेथे मोठ्या उमेदीने आलेले स्वयंसेवक काही काळाने चिडचिडे आणि कोरडे होतात, हे त्यांनी पाहिले व १९७४ साली त्यावर लेख लिहिला. या अवस्थेला त्यांनी 'बर्नआउट' म्हटले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: मन रिते होणे, रोग्याला माणूस न मानता नुसते 'चार नंबरची खाट' समजणे, आणि आपल्या हातून काहीच चांगले होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची नोंद रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली. तेव्हा अशा बाईला आळशी किंवा खाष्ट म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

नुसत्या थकव्याला विश्रांती पुरते. पण बाळंतपणात दगावलेली आई किंवा विष प्यालेला शेतकरी जिने डोळ्यांदेखत पाहिला, तिच्याबरोबर ते दृश्य घरी येते. घरात ते बोलता येत नाही. रोग्याचे गुपित बाहेर सांगायचे नसते. मग बोलायचे कोठे?

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट या दांपत्याने १९५० च्या दशकात यावर एक वाट काढली. काही डॉक्टर ठरलेल्या दिवशी एकत्र बसत. एकजण आपल्या मनात सलणाऱ्या रोग्याविषयी सांगे, इतर ऐकत. मग औषधाविषयी नव्हे, तर त्या रोग्यामुळे डॉक्टरच्या मनात काय उठते याविषयी बोलणे होई. असे बालिंट गट आज अनेक देशांत चालतात.

आपल्याकडेही आठ-दहा सेविकांना महिन्यातून दोनदा तासभर असे बसता येईल. रोग्याचे नाव घेऊ नये. बोलण्याची सक्ती नको. नुसते ऐकणारीही गटातलीच. गटातले बोलणे गटातच राहावे. "तू असे करायला हवे होतेस" हे वाक्य तर तेथे नकोच. गट चालवणारी व्यक्ती या कामात शिकलेली असावी आणि ती त्यांची वरिष्ठ नसावी. साहेबापुढे कोण मन मोकळे करील?

एक सावधगिरी मात्र हवी. भयंकर प्रसंग घडला की लगेच सर्वांना एकदाच बसवून सारे वदवून घ्यायचे, अशी पद्धत १९८० च्या दशकात अग्निशामक व रुग्णवाहिकेच्या लोकांसाठी निघाली. पुढील तपासण्यांत अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत असल्याचे दिसले नाही. काहींना तर त्रासच वाढल्याचे आढळले. पहिल्या दिवशी गरम चहा, झोप आणि सोबत पुष्कळ. बोलणे नंतर, हळूहळू, ओळखीच्या गटात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तीन माणसांचे काम एका नर्सवर टाकायचे, आशाताईंचे मानधन थकवायचे, आणि वर त्यांना गटात बसवून समजूत घालायची, हे काही खरे नव्हे. रजा, जादा माणसे व वेळेवर पैसे हा उपायाचाच भाग आहे. त्यासाठी ग्रामसभेत गावकऱ्यांनीही तोंड उघडावे.

कित्येक आठवडे झोप नसेल, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसत असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर गटावर विसंबून न राहता मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्यावे. जीव नकोसा झालेल्या व्यक्तीला एकटे सोडू नये. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य आहे, नंबर १४४१६.