पत्र्यावरचे दगड

२१ मार्च २०२४, गुरुवार. सकाळचे सहा वाजून गेले होते. मी मागच्या पडवीत गॅसवर दूध ठेवलं होतं. आधी आवाज आला. कुणीतरी बोळात ट्रॉलीभर दगड ओतावेत तसा, पण खालून. मग फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून वाजायला लागले आणि पायाखालची फरशी थरथरली. सहा वाजून आठ मिनिटं, ४.५ रिश्टर, केंद्र हिंगोली जिल्ह्यात, हे सगळं नंतर टीव्हीवर कळलं. त्या घडीला मला फक्त एवढंच कळलं की हा भूकंप आहे.

मी उभी होते तिथून परसदार दोन पावलांवर होतं, बाहेर मोकळं अंगण. तरी मी आत पळाले. आमच्या ताडकळसच्या घराचा पुढचा भाग जुना आहे, दीड हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. तिथं माझ्या सासूबाई आणि लेक झोपलेले होते. "आत्याबाई, उठा, भाईर चला," असं ओरडत मी मधल्या घरात पोचेपर्यंत हादरा थांबलाही होता. तुळईवरून माती सांडली होती, ती त्यांच्या पांघरुणावर पडलेली होती.

दोघांना घेऊन मी परसात आले आणि पडवीच्या पत्र्याच्या कडेलाच उभी राहिले. पत्रे वावधानात उडू नयेत म्हणून आम्ही त्यावर दगड ठेवलेले. त्यातला एक सरकत सरकत आला आणि कपडे धुवायच्या शिळेवर पडला. प्लास्टिकची बादली फुटली. लेक तिथून हातभर अंतरावर होता.

एवढं होऊनही मला दुधाची आठवण झाली. गॅस चालूच होता. तो बंद करायला मी पुन्हा आत गेले आणि मी पडवीत असतानाच दुसरा हादरा बसला. सहा एकोणीस, ३.६. पहिल्यानंतर अकरा मिनिटांनी.

कुणाला काही लागलं नाही. पण त्या अकरा मिनिटांत मी तीन चुका केल्या आणि तिन्हींची उत्तरं मला दहाव्या वर्षी शिकवलेली होती. हे लिहायचं कारण तेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी चौथीत होते. रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीची जमीन हलली आणि ती इतक्या दूर आमच्याकडेही जाणवली. चुलीमागची उतरंड ढासळली, बाबांनी मला काखेत उचलून अंगणात आणलं. सकाळी रेडिओवर नावं यायला लागली, किल्लारी, सास्तूर. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं भुईसपाट झाली होती, सरकारी आकड्यानुसारच जवळजवळ आठ हजार माणसं गेली होती. त्यानंतर कित्येक दिवस आमची आळी अंगणात बाजा टाकून झोपली.

दसऱ्यानंतर शाळेत आमच्या गुरुजींनी सराव सुरू केला. कुठून आदेश आला होता की त्यांच्या मनानंच, मला माहीत नाही. शाळेत तेव्हा बाकडी नव्हती, आम्ही तरटपट्टीवर बसायचो. गुरुजी गणित सांगता सांगता एकदम लोखंडी तुकड्यावर टोले द्यायचे. दप्तर डोक्यावर, दोन्ही हातांनी धरायचं. दाराजवळची रांग आधी, मग मधली. पळायचं नाही, ढकलायचं नाही, मागं फिरायचं नाही. भिंतीपासून आणि लिंबाच्या झाडापासून लांब, ध्वजस्तंभाशी जाऊन खाली बसायचं. मग हजेरी. पाटी आत राहिली म्हणून एकदा एक मुलगी परत फिरली, तर गुरुजींनी तिला रागं न भरता सगळ्यांना विचारलं, "पाटी किती रुपयांची?" त्यानंतर कुणी फिरलं नाही.

एके दिवशी टोले देऊन ते स्वतःच दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, दार अडकलंय, आता? आम्ही तीस-पस्तीस लेकरं नुसती एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी शिकवलं. बाहेर पडता येत नसेल तर मजबूत टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. टेबल नसेल तर कपाटापासून आणि खिडकीपासून दूर, गुडघ्यांवर बसून डोकं-मान हातांनी झाकायची. सराव वर्ष-दीड वर्ष चालला, पुढं बंद पडला. शाळा बदलली, किल्लारी जुनी झाली.

तीस वर्षांनी माझ्या अंगात त्यातलं काहीच उरलं नव्हतं. आठवत सगळं होतं, पण हातपाय दुसऱ्याच वाटेनं गेले. सराव शाळेच्या वर्गाचा झाला होता, माझ्या स्वयंपाकघराचा कधी झालाच नव्हता. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकीला माझं पहिलं सांगणं हे की सराव आपल्या घरात करा, आपल्या वेळेला करा. पहाटे, अंधारात, दूध उतू जात असताना.

आम्ही त्या रविवारीच केला. लेकानं ताट वाजवलं, मी मोठ्यानं आकडे मोजले. सासूबाईंना बाजेवरून उठून, चप्पल शोधून, दोन उंबरे ओलांडून परसात यायला पंचावन्न आकडे लागले. पुन्हा केला, पन्नास लागले. मार्चचा पहिला हादरा काही सेकंदांतच संपला होता. म्हणजे कितीही सराव केला तरी ऐंशीच्या घरातल्या बाईंचे गुडघे भूकंपाला हरवणार नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माणूस वेगानं हलवता येत नसेल तर त्याची बाज हलवावी. आता त्या परसाकडच्या ओसरीत झोपतात. वर हलका पत्रा आहे, दगडी भिंत लांब आहे आणि उशाशी कपाट नाही. त्यांना हे अजून आवडलेलं नाही. देवघर लांब पडतं म्हणतात, आणि ते खरंच आहे.

आता या माळवदाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण परभणी, हिंगोली, नांदेडच्या गावांत अशी घरं अजून हजारोंनी आहेत आणि पुस्तकातला सल्ला सगळा स्लॅबच्या घरांसाठी लिहिलेला असतो. सिमेंट-सळईच्या घरात हादऱ्याच्या वेळी पळू नये, टेबलाखाली बसावं, डोकं झाकावं, हे बरोबर आहे. पण दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचा भार असेल, आपण दाराजवळ असू आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर लगेच बाहेर पडणं चांगलं. दार लांब असेल तर मात्र आहे तिथंच भिंतीपासून सरकून मजबूत वस्तूशेजारी वा खाली डोकं झाकून बसावं. आणि बाहेर अरुंद बोळ असेल, दोन्ही अंगांना उंच दगडी भिंती असतील, तर तो बोळ म्हणजे बाहेर नव्हे. आमच्या घराच्या पुढच्या दारात नेमका तसा बोळ आहे. म्हणून आमची वाट परसाची ठरली. तुमची कुठली, हे आज दिवसाउजेडी घराभोवती फिरून ठरवा.

किल्लारी भागात माणसं मेली ती मुख्यतः याच बांधणीनं. भिंत जाड दिसायची, पण बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन फळ्या वेगवेगळ्या, मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही फळ्यांना बांधून ठेवणारे आरपार जोडदगड नाहीत. जमीन हलली की दोन्ही फळ्या फुगून सुटल्या. वरून वर्षानुवर्षे गळती थांबवायला मातीवर माती टाकत गेलेलं माळवद खाली आलं. कित्येक घरांचे लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या होत्या, माणसं भिंतींनी आणि मातीनं गाडली. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात घरं दुरुस्त करताना जे सांगितलं गेलं ते आजही करता येतं. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीत ठरावीक अंतरावर जोडदगड बसवायचे. दारा-खिडक्यांच्या वर घराला सगळीकडून फिरणारा सळईचा पट्टा घालायचा. पट्टा आणि जोडदगड जाणत्या गवंड्याकडून, अभियंत्याला विचारूनच. जादा माती मात्र आम्ही गेल्या उन्हाळ्यात गड्याला लावून उतरवली, दोन ट्रॉल्या निघाली. दोन ट्रॉल्या माती घेऊन आम्ही इतकी वर्षं झोपत होतो.

भिंतीच्या भेगांचंही असंच. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, त्यामुळं भिंतीला भेगा जुन्याच असतात आणि नवी कुठली ते कळत नाही. मार्चनंतर मी प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली आणि मध्ये सिमेंटचा छोटा ठिपका लावला. ठिपका तडकला किंवा भेग रेघेपुढं गेली तर भिंत अजून हलते आहे. मधल्या घराच्या कोपऱ्यातला ठिपका तडकला. ती खोली आता फक्त धान्याची आहे.

आणि पत्र्यावरचे दगड. मार्चच्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनानं लोकांना ते काढून घ्यायला सांगितलं होतं. ऐकायला सोपं आहे. पण वावधान दरवर्षी येतं, भूकंप कधीतरी, मग माणूस दगडच ठेवणार. त्यामुळं नुसतं काढा म्हणून भागत नाही. पत्रे खालच्या अँगलला हुक-बोल्ट आणि वायसर लावून आवळून घ्यावे लागतात. आमचा खर्च दोन दिवसांच्या मजुरीएवढा झाला. लगेच जमत नसेल तर निदान दाराच्या वरचे आणि ज्या कडेखालून आपण बाहेर पडतो तिथले दगड आजच उतरवा.

१० जुलैला, बुधवारी, सकाळी सात चौदाला पुन्हा ४.५ चा हादरा बसला. केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. लेक शाळेचं आवरत होता. मी गॅसची कळ फिरवली, कारण ती हाताशी होती. लांब असती तर फिरवायला गेले नसते. तो दप्तर डोक्यावर धरून परसात गेला, ते मी त्याला शिकवलेलं होतं. सासूबाई ओसरीत होत्या तिथंच हातांनी डोकं झाकून बसल्या. आम्ही अर्धा तास बाहेर थांबलो, कुणी काही आणायला आत गेलं नाही. पत्र्यावरून काही पडलं नाही, पडण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

गावात मात्र एक गोष्ट मला मार्चपेक्षा जास्त बोचली. मार्चमध्ये सगळी आळी रस्त्यावर आली होती. जुलैत निम्मी आली. "हे आता चालूच राहतं, काय होतंय," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक कित्येक वर्षांपासून जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आलेत, तिथल्यांना तर सवयच झाली असेल. पण किल्लारीतही १९९२ च्या ऑक्टोबरात छोटे धक्के बसले होते. लोक धास्तावले होते, बाहेर झोपले होते. मग धक्के थांबले, लोक घरात परतले आणि वर्षाच्या आत ती पहाट आली. पुन्हा, तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा मानलेला होता. छोट्या धक्क्यांमागून मोठा येतोच असं मुळीच नाही, बहुतेक वेळा ते तसेच विरून जातात. पण छोटे झाले म्हणजे जमिनीची ताकद निघून गेली, आता मोठा येत नाही, हेही खरं नाही. ४.५ आणि किल्लारीचा ६.२ यांत आकड्यांचं अंतर दीड-पावणेदोनाचं दिसतं, ऊर्जेचं अंतर साडेतीनशे पटींच्या आसपास आहे.

उलट टोकही बघितलं. मार्चच्या त्या रात्री फोनवर निरोप फिरला, बारा वाजता मोठा येणार. बायका लेकरांना घेऊन मंदिरापुढं बसल्या, दहावीची परीक्षा चालू असलेली पोरंसुद्धा. भूकंपाची वेळ आणि दिवस आधी सांगण्याची विद्या जगात कुणाकडेच नाही. असा निरोप आला की पुढं पाठवू नका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७, हे तीन आकडे आम्ही फोनमध्ये न ठेवता ओसरीच्या खांबावर खडूनं लिहिलेत, कारण फोन आत राहतो.

ऑगस्टमध्ये मी लेकाच्या वर्गातल्या सहा-सात आयांना घेऊन शाळेत गेले. शेवटचा सराव कधी झाला, एवढंच विचारलं. सर विचारात पडले, मग मोकळेपणानं म्हणाले, तुम्ही सांगा कसा करायचा. पुढच्या शनिवारी मी आकडे मोजायला उभी होते. आता शाळेत बाकडी आहेत, वर स्लॅब आहे, म्हणून मुलं आधी बाकड्याखाली जातात, बाकड्याचा पाय धरतात आणि हादरा थांबल्यावर रांगेनं मैदानात येतात. पहिल्यांदा हसली, ढकलाढकली झाली. तिसऱ्यांदा सरांना बाजूला घेऊन मी एक विनंती केली. ते दारात आडवे उभे राहिले. मुलं थबकली, एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या रांगेतली एक मुलगी पुन्हा बाकड्याखाली शिरली आणि तिनं शेजारणीलाही हाताला धरून खाली ओढलं.